टर्मिनलमध्ये चालतं, बाहेर चालत नाही : ती ओळ नेमकी कुठे लिहायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही नाशिकला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात. लॅपटॉपवर उबंटू हे लिनक्स, आणि शेल (तुम्ही टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) बॅश. ‘जावा होम’ (जावा कुठे आहे ते सांगणारं) आणि ‘पाथ’ (प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) ही दोन व्हेरिएबल्स टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट केली, म्हणजे तिथून चालणाऱ्या प्रोग्रॅमना दिसतील अशी केली, काम झालं. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं तर सगळं गेलं. मग एक व्हिडिओ बघून त्याच ओळी बॅशआरसीत, म्हणजे बॅशच्या सेटिंग्जच्या फाइलीत, टाकल्या. आता टर्मिनलमध्ये चालतं, पण आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या आयडीईला (कोड लिहायच्या प्रोग्रॅमला) जावा सापडत नाही आणि क्रॉनला (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) लावलेली स्क्रिप्टही पडते. शिवाय टर्मिनल उघडल्यावर प्रॉम्प्ट (‘आता कमांड द्या’ अशी खूण) यायला चार सेकंद लागतात. आणि तुम्ही विचारलंय, ‘सगळी सेटिंग्ज एकदाच, एकाच ठिकाणी कुठे लिहू?’

असं एक ठिकाण नाही. हे ऐकून निराश होऊ नका. ‘कुठे लिहू’ याऐवजी ‘ही फाइल कोण वाचतं आणि कधी वाचतं’ असं विचारलंत, की तुमच्या चारही तक्रारी एका सूत्रात येतात. मी गेली सतरा वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधले आणि द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाउसमधले लिनक्स सर्व्हर सांभाळते. ‘माझ्याकडे चालतं, तिकडे चालत नाही’ या तक्रारीने येणाऱ्या फोनमध्ये ओळ चुकलेली फार क्वचित निघते. ओळ बरोबर असते, जागा चुकलेली असते.

(कमांड आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची. फाइलींच्या नावांच्या आधी टिंब असतं, त्यामुळे त्या साध्या एलएसला, म्हणजे फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडला, दिसत नाहीत. एलएस पुढे रेघ-ए लावा.)

एक फरक आधी स्पष्ट करून घेऊ, कारण तो बहुतेक व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. टर्मिनल आणि शेल हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. टर्मिनल एम्युलेटर म्हणजे नुसती विंडो : अक्षरं काढणं, रंग दाखवणं, तुमच्या कळा पलीकडे पोचवणं. १९७८ साली डीईसी कंपनीने व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल आणलं, पडदा आणि कीबोर्ड असलेला खराखुरा डबा. आजची गनोम टर्मिनल, कॉन्सोल, अलाक्रिटी, किटी ही सगळी मंडळी त्या घराण्याच्या डब्यांची नक्कल करतात, म्हणून एम्युलेटर. त्या विंडोच्या आत चालणारा बॅश हा वेगळा गृहस्थ. फॉन्ट, रंगसंगती, मागे किती ओळी स्क्रोल करता याव्यात, कॉपी-पेस्टच्या कळा हे टर्मिनलचं खातं; ते त्याच्या प्रोफाइलमध्ये किंवा त्याच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये बदलायचं. पाथ, एलियस (लांब कमांडचं छोटं टोपणनाव), प्रॉम्प्ट, हिस्टरी (आधी दिलेल्या कमांडची नोंद) हे शेलचं खातं. फॉन्ट बदलण्यासाठी बॅशआरसीत ओळी घालून दोन दिवस घालवलेला एक मुलगा माझ्याकडे शिकायला आला होता. त्याची मेहनत खरी होती, फक्त दार चुकलं होतं.

आता मुद्द्याचं. एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल एका प्रोसेसकडून (चालू असलेल्या प्रोग्रॅमकडून) तिने जन्म दिलेल्या प्रोसेसकडे जातं, आणि फक्त त्याच दिशेने जातं. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी रामकुंडापर्यंत येतं; रामकुंडात ओतलेली घागर धरणात चढत नाही. तुम्ही टर्मिनलमधल्या बॅशमध्ये एक्स्पोर्ट केलंत तेव्हा ते त्या बॅशला आणि तिथून चालवलेल्या प्रोग्रॅमना मिळालं. विंडो बंद झाली, ती प्रोसेस संपली, व्हेरिएबलही संपलं. इथे काहीच बिघडलेलं नाही.

आता लॉगिन केल्यावर काय होतं ते बघा. पासवर्ड दिलात की तुमचं सेशन सुरू होतं, त्याच्याखाली डेस्कटॉप येतो, आणि डेस्कटॉपच्या फांदीवर तुम्ही उघडलेले प्रोग्रॅम. टर्मिनल ही एक फांदी, आयडीई ही शेजारची दुसरी फांदी. बॅशआरसी वाचली जाते ती टर्मिनलच्या फांदीच्या टोकाला, बॅश सुरू होताना. तिथे लिहिलेलं शेजारच्या फांदीवरच्या आयडीईला दिसणार कसं? तेच आयडीई टर्मिनलमधून नाव टाइप करून उघडून बघा, जावा लगेच सापडेल, कारण आता ते बॅशच्या पोटी जन्माला आलं. हा प्रयोग आत्ताच करा; दोन मिनिटांत स्वतःच्या डोळ्यांनी खात्री होईल. (व्हीएस कोडसारखे काही एडिटर सुरू होताना गुपचूप एक शेल चालवून त्यातलं पर्यावरण उचलतात. म्हणून मैत्रिणीच्या व्हीएस कोडमध्ये चालतं आणि तुमच्या आयडीईत चालत नाही असं झालं तर गोंधळून जाऊ नका.)

बॅश कोणती फाइल वाचतो, हे त्याला दोन प्रश्नांची काय उत्तरं मिळतात त्यावर ठरतं. पहिला प्रश्न : मी लॉगिन शेल आहे का, म्हणजे लॉगिन करताना सुरू झालो आहे का? दुसरा : समोर माणूस बसून टाइप करतोय का, म्हणजे मी इंटरॅक्टिव्ह आहे का?

लॉगिन शेल असेल तर आधी ईटीसी फोल्डरमधली सगळ्यांसाठीची प्रोफाइल फाइल, आणि मग तुमच्या होममध्ये (तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) तीन नावं याच क्रमाने शोधली जातात : बॅश-प्रोफाइल, बॅश-लॉगिन, प्रोफाइल. यातली जी पहिली सापडेल तेवढीच वाचली जाते. बाकीच्यांकडे बॅश ढुंकूनही बघत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण यात मोठा खड्डा आहे. उबंटूत होममध्ये मुळात फक्त ‘प्रोफाइल’ असते. एखाद्या व्हिडिओने सांगितलं म्हणून तुम्ही नवी बॅश-प्रोफाइल तयार केलीत, की त्या क्षणापासून जुनी प्रोफाइल बॅशच्या लेखी उरत नाही. तिच्यातली बॅशआरसीला बोलावणारी ओळही मग वाचली जात नाही, आणि सर्व्हरवर लॉगिन केल्यावर तुमचे रंग, एलियस सगळं गायब. फेडोरात उलट आहे, तिथे बॅश-प्रोफाइल आधीपासूनच ठेवलेली असते. तेव्हा आधी एलएस रेघ-ए करून तुमच्या होममध्ये काय काय आहे ते बघा, मग हात लावा.

लॉगिन नसलेला पण इंटरॅक्टिव्ह शेल असेल, म्हणजे उबंटूच्या टर्मिनलची नेहमीची विंडो, तर बॅशआरसी वाचली जाते. आणि दोन्ही नसेल, म्हणजे स्क्रिप्ट चालवायला सुरू झालेला बॅश, तर यातलं काहीही वाचलं जात नाही. बॅश-एन्व्ह नावाचं व्हेरिएबल मुद्दाम ठेवलं असेल तर तेवढी एक फाइल.

तुम्ही आत्ता कुठे उभे आहात हे ओळखायला ‘शॉप्ट लॉगिन-अंडरस्कोर-शेल’ अशी कमांड द्या, ऑन किंवा ऑफ असं उत्तर येईल. आणि एको करून डॉलर आणि त्याला जोडून आडवी रेघ छापा. उत्तरातल्या अक्षरांमध्ये ‘आय’ असेल तर शेल इंटरॅक्टिव्ह.

उबंटूची मूळ बॅशआरसी उघडलीत तर अगदी वरती, कॉमेंट्सच्या खाली, ‘केस’ने सुरू होणारी एक छोटी अट दिसेल. ती हेच ‘आय’ अक्षर तपासते आणि नसेल तर रिटर्न करते. म्हणजे माणूस समोर नसेल तर फाइल तिथेच बंद. लोक या चार ओळी वगळून थेट खाली जातात. तुमच्या आयडीईचं कोडं इथेच सुटतं. डेस्कटॉपवर लॉगिन करताना प्रोफाइल वाचली जाते, ती बॅशआरसीला बोलावते, पण त्या वेळी कुणी टाइप करत नसतं, म्हणून बॅशआरसी पहिल्या चार ओळींतच परत फिरते. तुमच्या जावाच्या ओळी तळाशी आहेत. तिथवर कुणी पोचतच नाही.

म्हणून माझा सल्ला असा : जावा होम आणि पाथच्या ओळी बॅशआरसीतून कापून होममधल्या प्रोफाइल फाइलच्या शेवटी न्या. कापून म्हणते आहे, कॉपी करून नाही. दोन्हीकडे ठेवल्यात तर चालल्यावरही ते कुठून आलं हे कळणार नाही, आणि सहा महिन्यांनी जावाची आवृत्ती बदलाल तेव्हा एकीकडची ओळ जुनीच राहील. प्रोफाइलमध्ये लिहिताना साधी एसएच भाषा, म्हणजे बॅशखेरीज इतर साध्या शेलनाही कळणारी, वापरा. दुहेरी चौकटी कंस, ॲरे, शॉप्ट असलं खास बॅशचं काही नको, कारण ही फाइल प्रत्येक वेळी बॅशच वाचेल असं नाही. आणि त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. नवी विंडो उघडून भागणार नाही, कारण ती विंडो जुन्याच सेशनच्या पोटातून येते. ‘मॅडम, लिहिलं तरी होत नाही’ असे जे फोन येतात त्यातले निम्मे इथेच मिटतात.

पाथची ओळ लिहिताना जुना डॉलर-पाथ त्यात राहील याची काळजी घ्या. आपलं फोल्डर, मग कोलन, मग डॉलर-पाथ. डॉलर-पाथ विसरलात तर एलएस, नॅनो (एडिटर), सुडो काहीच सापडणार नाही. असं झालंच तर घाबरू नका, प्रोग्रॅम डिस्कवर जागच्या जागी आहेत, फक्त शेलला पत्ता माहीत नाही. पूर्ण पत्ता द्या : स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश नॅनो, आणि फाइल दुरुस्त करा. माझी एक सवय सांगते. यातली कुठलीही फाइल बदलताना एक जुनी, चालू विंडो मी उघडी ठेवते. ‘बॅश रेघ-एन’ आणि फाइलचं नाव अशी कमांड देऊन व्याकरण तपासते, मग दुसरी विंडो उघडून बघते. दुसरी नीट उघडली की मगच पहिली बंद. दूरच्या सर्व्हरवर तर ही सवय नसेल तर ओझरपर्यंत गाडी काढून जायची वेळ येते, ते मी करून बसले आहे.

आता क्रॉन. यावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण इथे चूक झाली तर पडद्यावर काही दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसच्या शीतगृहात मी तापमान नोंदवणारी स्क्रिप्ट बसवली. खोलीत शून्य अंशाच्या आसपास माल, दर दहा मिनिटांनी सेन्सर वाचायचा आणि एका फाइलमध्ये ओळ टाकायची. पायथनची स्क्रिप्ट, स्वतःच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथन आणि त्याची मॉड्यूल्स वेगळी ठेवलेल्या फोल्डरमध्ये. मी समोर बसून पाचसहा वेळा चालवून बघितली, उत्तम चालली. क्रॉनला लावली आणि घरी आले. तीन दिवसांनी तिथल्या सुपरवायझरदादांचा फोन : नोंदींची फाइल रिकामी आहे. खोलीचं तापमान सुदैवाने बरोबर होतं, पण ते बरोबर होतं याचा लेखी पुरावा तीन रात्रींचा नव्हता, आणि बाहेरच्या खरेदीदाराला तोच हवा असतो.

कारण इतकंच, की क्रॉन तुमच्या वतीने लॉगिन करत नाही. प्रोफाइल नाही, बॅशआरसी नाही. उबंटूत तो सहसा तुम्हाला यूएसआर-बिन आणि बिन एवढाच पाथ देतो, आणि शेल म्हणून एसएच. हा एसएच बॅशही नाही. उबंटूत २००६ पासून तो डॅश नावाचा हलका शेल आहे. माझ्या हातून चालवताना व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा पायथन मिळत होता, क्रॉनला सिस्टिमचा पायथन मिळाला, त्याच्याकडे सेन्सरचं मॉड्यूल नव्हतं. दर दहा मिनिटांनी तो एररही सांगत होता, पण क्रॉन ते मेलने पाठवतो आणि त्या मशिनवर मेलची सोयच नव्हती.

त्या दिवसापासून क्रॉनची ओळ मी अशी लिहिते : प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता, स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, आणि शेवटी आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाइलमध्ये. स्क्रिप्टला जे व्हेरिएबल लागेल ते स्क्रिप्टच्या डोक्यावरच एक्स्पोर्ट करते. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी असलेल्या फाइलीच्या) वर पाथ लिहिता येतो, पण तिथे डॉलर-पाथ उलगडला जात नाही, पूर्ण यादी हातानेच लिहावी लागते. आणखी एक, क्रॉनटॅबच्या ओळीत टक्केवारीचं चिन्ह सरळ वापरू नका. क्रॉन त्याला नवी ओळ समजतो. लॉगच्या नावात तारीख घालायला गेलेल्यांची ओळ तिथेच अर्धी तुटते. चिन्हाच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो.

तुमची स्क्रिप्ट का पडते हे अंदाजाने शोधू नका. एक मिनिटासाठी क्रॉनला फक्त ‘एन्व्ह’ (सगळी एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबल्स छापणारी) ही कमांड लावा, तिचं आउटपुट टीएमपी फोल्डरमधल्या फाइलमध्ये वळवा, आणि टर्मिनलमध्ये एन्व्ह चालवून दोन्ही शेजारी ठेवा. एकीकडे पाचसहा ओळी, दुसरीकडे पन्नास. मधल्या फरकात तुमचं उत्तर आहे.

चार सेकंदांचं दुखणं वेगळं आहे, आणि इथेही आधी मोजायचं. ‘टाइम’ या शब्दानंतर बॅश, रेघ-आय, रेघ-सी, एक्झिट अशी कमांड द्या. ती इंटरॅक्टिव्ह बॅश सुरू करून लगेच बंद करते आणि किती वेळ गेला ते सांगते. मग बॅशला दोन रेघा आणि नॉआरसी लावून तेच मोजा. हे झटकन झालं तर दोष तुमच्या बॅशआरसीत. दोन्ही झटकन होऊनही विंडो उशिरा उघडत असेल तर दोष टर्मिनल किंवा ग्राफिक्सकडे, आणि मग बॅशआरसीला हात लावू नका.

दोष बॅशआरसीतच निघेल असं मला वाटतं. ती उघडा आणि तळाकडून वाचायला लागा, कारण इन्स्टॉलर आपल्या ओळी तळाशी चिकटवतात. एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारा) आणि कॉन्डा (पायथनची एन्व्हायर्नमेंट्स सांभाळणारा) दोन्ही दिसले तर आश्चर्य वाटणार नाही. कॉन्डाची पट्टी दर विंडोला पायथन सुरू करून स्वतःचं काम उरकते. एनव्हीएम हजारो ओळींचा शेल कोड वाचून, वर नोडची ठरलेली आवृत्ती लावून देतो. एनव्हीएमला बोलावणाऱ्या ओळीच्या शेवटी दोन रेघा आणि नो-यूज हा पर्याय लावला तर तो भार बराच उतरतो. नोड हवं तेव्हा तुम्ही स्वतः ‘एनव्हीएम यूज’ म्हणायचं. कॉन्डाला सांगता येतं की बेस एन्व्हायर्नमेंट आपोआप चालू करू नकोस. एकच इन्स्टॉलर तीनदा चालवला असेल तर त्याच ओळी तीनदा असतात, तेही बघा. आणि इंटरनेटला विचारणारी कुठलीही ओळ, हवामान दाखवणारी, अपडेट तपासणारी, ती काढाच. वायफाय गेलं की तुमचं टर्मिनल उघडायचं थांबतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला वायफाय दुरुस्त करायला टर्मिनल हवं असतं.

नुसत्या वाचनाने सापडलं नाही तर अर्ध्यावर ‘रिटर्न’ लिहा आणि पुन्हा मोजा. वेळ कमी झाला तर दोष खालच्या अर्ध्यात, नाही तर वरच्या. दोनशे ओळींची फाइल आठ वेळा अर्धी केली की एक ओळ उरते. बॅश ५.० किंवा पुढचा असेल तर ईपॉक-रिअलटाइम नावाचं (आत्ताची वेळ देणारं) व्हेरिएबल पीएस-४ मध्ये (रेघ-एक्स लावल्यावर ओळीआधी छापल्या जाणाऱ्या खुणेत) घालून बॅश रेघ-एक्सने चालवा, प्रत्येक ओळीपुढे वेळ छापली जाते. मला स्वतःला अर्ध्या-अर्ध्याची पद्धत आवडते, त्यात फाइल आपोआप वाचून होते.

मग बॅशआरसीत ठेवायचं काय? माणूस समोर बसलेला असताना लागणारं तेवढंच. एलियस, छोटी फंक्शन्स, टॅब कम्प्लीशन, प्रॉम्प्ट, हिस्टरी. उबंटू हिस्टरीला हजार ओळी देतो आणि फाइलला दोन हजार. मी दोन्ही पन्नास हजार करते आणि हिस्ट-टाइम-फॉरमॅट लावते, म्हणजे प्रत्येक कमांडपुढे तारीख-वेळ दिसते. कारखान्यात ‘त्या मंगळवारी नेमकं काय बदललं होतं’ असं विचारलं जातं, तेव्हा ही एक ओळ फार कामाला येते. पाथमध्ये भर घालणं इथे टाळा. घातलीच तर आधी ते फोल्डर पाथमध्ये आहे का ते तपासून मग घाला, नाही तर शेलच्या आत शेल उघडला की तेच नाव पुन्हा पुन्हा जोडलं जातं.

प्रॉम्प्ट रंगवणार असाल तर एक गोष्ट. रंगाचा प्रत्येक कोड बॅकस्लॅश-चौकटी-कंस या जोडीत बंद करा. ती जोडी बॅशला सांगते की ही अक्षरं पडद्यावर जागा घेत नाहीत. ती नसेल तर बॅशचं मोजमाप चुकतं : लांब कमांड लिहिताना ओळ पुढच्या ओळीवर न जाता स्वतःवरच चढते, वरच्या बाणाने जुनी कमांड आणली की तिचे तुकडे मागे राहतात. लोक टर्मिनल बदलतात, फॉन्ट बदलतात. दोष त्या चार चिन्हांचा असतो.

आणि बॅशआरसीत काही छापू नका, निदान त्या वरच्या केसच्या आधी तरी नाही. एसएसएचवरून (दूरच्या मशिनवर सुरक्षितपणे जायच्या सोयीवरून) कमांड किंवा फाइल पाठवली की पलीकडचा बॅश माणूस समोर नसतानाही बॅशआरसी उघडतो. एका कारखान्याच्या सर्व्हरवर कुणीतरी पहिल्याच ओळीत ‘वेलकम’ असं इंग्रजीत छापायला लावलं होतं, आणि एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली पाठवणारा प्रोग्रॅम) म्हणू लागला : मेसेज फार लांब आला, १४६६२६४६७५. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. एसएफटीपी येणाऱ्या पहिल्या चार बाइट्सना मजकुराची लांबी समजतो, आणि ‘वेलकम’च्या स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरं, डब्ल्यू मोठं आणि बाकीची लहान, संख्या म्हणून वाचली की बरोबर हाच आकडा येतो. स्वागताची ती ओळ काढली, फाइली जायला लागल्या.

‘टर्म’ हे व्हेरिएबलही बॅशआरसीत लिहू नका, कितीही ठिकाणी लिहिलेलं सापडलं तरी. मी कोणत्या जातीचं टर्मिनल आहे हे टर्मिनल स्वतःच सांगतं. तुम्ही ते हाताने ठोकून बसवलंत तर टीमक्सच्या (एका विंडोत अनेक शेल चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत गेल्यावर रंग आणि कळा बिघडतात, कारण तिथे टर्मिनल टीमक्स असतो. किटी वापरून जुन्या सर्व्हरवर गेलात आणि तो ‘हे टर्मिनल मला माहीत नाही’ म्हणाला, तर त्याच्याकडे किटीची माहिती पोचवायची असते, आणि त्यासाठी किटीचीच एसएसएच सोय आहे.

मराठीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडे प्रोजेक्टच्या फाइलींना मराठी नावं असतात, म्हणून सांगते. एलएस केल्यावर ‘नाशिक’ नावाच्या फाइलऐवजी बॅकस्लॅश ३४०, बॅकस्लॅश २४४, बॅकस्लॅश २५० अशी रांग दिसली तर फाइल खराब झालेली नाही. ‘न’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, ते तीन बाइट अष्टमान आकड्यांत दिसताहेत, कारण शेलचं लोकेल (भाषा आणि लिपीची सेटिंग) ‘सी’, म्हणजे साधं इंग्रजी, आहे. ‘लोकेल चारमॅप’ ही कमांड यूटीएफ-८ असं उत्तर देते का बघा. नसेल तर लॅंग हे लोकेल ठरवणारं व्हेरिएबल सुधारा, तेही प्रोफाइलमध्ये किंवा सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये. एलसी-ऑल मात्र कायमचं लावून ठेवू नका, ते बाकी सगळ्या लोकेल व्हेरिएबल्सवर कुरघोडी करतं.

लोकेल बरोबर असूनही ‘त्र्यंबकेश्वर’ टाइप केल्यावर जोडाक्षरं फुटली आणि कर्सर भलत्याच जागी गेला, तर त्याला कुठलीही शेल फाइल औषध नाही. टर्मिनल पडद्याचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चिन्हाला शून्य, एक किंवा दोन चौकोन देतं. त, र, य एकत्र येऊन एकच आकार होतो, हे त्या चौकोनांच्या हिशेबात बसत नाही. बहुतेक टर्मिनल आजही इथे अडखळतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. मराठी मजकूर वाचायचा असेल तर फाइल एडिटरमध्ये उघडा. टर्मिनलमध्ये फुटका दिसला म्हणून तो दुरुस्त करायला जाऊ नका.

तुमची परिस्थिती मी सांगितली तशी नसेल तर काही गोष्टी बदलतील. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून झेडएसएच हा मूळ शेल आहे. तिथे झेडएसएचआरसी आणि झेड-प्रोफाइल, आणि टर्मिनलची प्रत्येक विंडो लॉगिन शेल म्हणून उघडते. विंडोजच्या आत लिनक्स चालवत असाल तर विंडोजचा पाथही तुमच्या पाथच्या शेपटीला जोडलेला असतो, तो बघून दचकू नका. आणि या फाइली विंडोजच्या जुन्या एडिटरने सेव्ह करू नका, ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह राहतं आणि बॅश ‘बॅकस्लॅश-आर ही कमांड सापडत नाही’ म्हणतो.

एक विनंती. डॉट फाइल्स (नावाआधी टिंब असलेल्या या फाइली) गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवणं चांगलंच, मी ठेवते. पण एपीआयच्या किल्ल्या, डेटाबेसचे पासवर्ड त्यात एक्स्पोर्ट करून ती फाइल गिटहबवर उघडी टाकू नका. शिकायला येणाऱ्या मुलांच्या खात्यांवर मी हे बघितलं आहे. एकदा वर गेलेली किल्ली पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी हिस्टरीत राहते, ती बदलावीच लागते. अशा गोष्टींसाठी वेगळी फाइल, तिच्या परवानग्या फक्त स्वतःपुरत्या, आणि गिट-इग्नोरमध्ये तिचं नाव.

तर आज संध्याकाळी एवढं करा. होममध्ये बॅश-प्रोफाइल आहे का ते बघा. नसेल तर जावाच्या ओळी प्रोफाइलमध्ये हलवा, लॉगआउट-लॉगिन करा, आयडीई आयकॉनवरून उघडा. असेल तर काही हलवू नका, त्या फाइलमधला मजकूर मला पाठवा, किल्ल्या-पासवर्ड असतील तर पुसून. सोबत टाइमच्या दोन्ही मोजण्या, क्रॉनमधून काढलेली एन्व्हची यादी, आणि तुम्ही क्रॉनटॅबमध्ये लिहिलेली ओळ जशीच्या तशी. स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून पाठवा, म्हणजे मला तो इथे माझ्या मशिनवर चालवून बघता येईल.